सावजी आणि साधी बिअर

पुण्यात 2009 मध्ये डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून गव्हाच्या नि हॉप्सनी कडवट केलेल्या बिअरचा मी चाहता. तरी मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की मला गारेगार किंगफिशरच हवी असते. पुढ्यात सावजी मटण असेल तर हवीच! हॉप्सचा कडवटपणा तिखटाची आग आणखी भडकवतो. किंगफिशरसारखी हलकी लागर मात्र पुढच्या घासासाठी तोंड मोकळं करते. जाणकार तिला बेचव म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. लागर थंड तापमानात सावकाश आंबवावी लागते आणि तिच्या फिक्या चवीत एकही दोष लपत नाही. लाखो बाटल्यांत तीच स्वच्छ चव उतरवणं हे मोठं कसब आहे, आणि ते पिणाऱ्याला परवडणाऱ्या किमतीत मिळतं.