सायकलची उचल

सायकल हे गरिबाचे वाहन होय, हे वाक्य आता सायकलच्या दुकानात उभे राहून उच्चारणे अवघड झाले आहे. पुढे टोपली असलेली मुलींची साधी सायकल साडेपाच-सहा हजारांच्या घरात गेली आहे. गिअर आणि डिस्क ब्रेक असलेली सायकल पंधरा-वीस हजारांपुढे सहज जाते, तर हौशी स्वारांच्या परदेशी सायकलींचा आकडा लाखाच्याही पुढे पोहोचतो. त्यामुळे ‘सायकल आता परवडते का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. परंतु परवडणे ही केवळ किमतीची बाब नाही. ती रक्कम कोणी, केव्हा आणि कशी उभी करावयाची, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. २०२५ च्या दिवाळीत एका व्यापारी घरात हा प्रश्न एकाच आठवड्यात दोन बाजूंनी उभा राहिला.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी हे किराणा-भुसार मालाचे जुने दुकान आहे. शेठजींचे वय चौऱ्याहत्तर. दुकान मुलगा पाहतो, हिशेब सून पाहते आणि सकाळी गादीवर बसण्याचा नेम मात्र शेठजींनी अद्याप सोडलेला नाही. नववीत शिकणाऱ्या नातवाने दिवाळीसाठी एक सायकल पसंत करून ठेवली होती. एकवीस गिअरची, जाड टायरची, किंमत रुपये २७,३००. वडिलांनी होकारही दिला होता.

त्याच आठवड्यात दुकानातील वसुलीचा माणूस संध्याकाळी दिवाबत्तीनंतर गादीजवळ येऊन उभा राहिला. बारा वर्षे तो दुकानात आहे. पगार साडेतेरा हजार. त्याची मुलगीही नववीतच. घरापासून शाळा साडेचार किलोमीटर. मुलींना एस.टी.चा पास मोफत असला, तरी शाळा सुटल्यावर पहिली गाडी दीड तासाने येते. म्हणून ती रिक्षाने जात असे. रिक्षावाल्याने दुसऱ्या सत्रापासून महिन्याचे सातशेऐवजी नऊशे मागितले होते.

‘‘शेठजी, सायकलपुरती उचल मिळाली तर बरं होईल,’’ तो म्हणाला. ‘‘नाहीतर तिची आई म्हणते, दिवाळीनंतर पोरीला घरीच ठेवू.’’

‘‘मागची उचल अजून फिटली नाही. चार हजार बाकी आहेत,’’ शेठजी म्हणाले. ‘‘त्यावर दुसरी कशी देऊ?’’

नियमाला धरूनच ते उत्तर होते. आधीच्या आजारपणाच्या उचलीपोटी त्याच्या पगारातून दरमहा पाचशे कापले जात होते. तो काही न बोलता निघून गेला.

घरात नातवाची जुनी सायकल जिन्याखाली होती. ती देता येईल, असे शेठजींच्या मनात आले. पण ती वीस इंची, लहान मुलाची. नववीतील मुलीचे गुडघे हँडलला लागले असते. चार वर्षांत मुलगा तीतून बाहेर पडला आणि ती तेथेच गंजत राहिली. बहुतेक सुखवस्तू घरांच्या जिन्याखाली किंवा बाल्कनीत अशी एखादी सायकल आढळतेच.

सायकली महागल्या याला कारणे आहेत. करोनाच्या काळात मागणी एकाएकी वाढली, पोलादाचे भाव चढले आणि जहाजावरील मालवाहतूक महागली. चांगले गिअर व त्यांचे भाग बहुतांशी बाहेरून येतात, त्यामुळे वरच्या दर्जाच्या सायकलींना हा भार अधिक लागला. १ जानेवारी २०२३ पासून प्रमाणित परावर्तक बसविणे सक्तीचे झाले. रात्रीच्या सुरक्षेसाठी ते योग्यच, पण खर्च त्याचाही आहे. किमतीचा चढ सरकारनेही मान्य केला आहे. महाराष्ट्राच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मिळणारे साडेतीन हजार रुपये २०२२ मध्ये पाच हजार करण्यात आले. या वसुलीच्या माणसाचा तालुका मात्र त्या यादीत नव्हता.

दिलासाही मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल व तिचे सुटे भाग यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. सुनेने दोन्ही सायकलींचा हिशेब मांडला. मुलीच्या सायकलची मूळ किंमत ५,६००. पूर्वी ती करासह ६,२७२ रुपयांना पडली असती, आता ५,८८० रुपयांना पडते. बचत ३९२ रुपयांची. नातवाच्या सायकलीची मूळ किंमत २६,०००; तिच्यावर १,८२० रुपये वाचले. दर एकच असला, तरी ज्याची खरेदी मोठी त्याच्या पदरात सवलतही मोठी पडते. गरजू ग्राहकाला अडचण तीन-चारशे रुपयांची नसते. एकरकमी पाच-सहा हजारांची असते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली निघाल्या. वाळवी लागलेल्या बाजूला काढताना शेठजींच्या हाती १९७८ सालची खतावणी आली. वडिलांच्या अक्षरात मुनीमजींचे खाते होते. ‘सायकलबाबत नावे रुपये ३७५’, आणि त्याखाली दरमहा ‘जमा रुपये १५’. पंचवीस हप्त्यांनंतर एक आडवी रेघ व ‘खाते चुकते’ एवढेच शब्द. व्याजाचा रकाना कोरा.

मुनीमजींचा पगार तेव्हा दीडशे रुपये होता. म्हणजे सायकल अडीच महिन्यांच्या पगाराइतकी महाग. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने सातशे रुपयांच्या आतच होते. सायकलच्या पैशांत पाच ग्रॅमहून अधिक सोने आले असते. आज तीच साधी सायकल वसुलीच्या माणसाच्या तेरा दिवसांच्या पगारात येते आणि एक ग्रॅम सोन्याच्या किमतीतही बसते. रुपयांत सायकल सोळापटींनी महागली. श्रमाच्या दिवसांत मोजली, तर ती उलट स्वस्त झाली.

मग अडते कोठे? तेरा दिवसांचा पगार एका हाताने बाजूला ठेवता येत नाही, तेथे. घरभाडे, किराणा, शाळा आणि औषधे यांतून जे उरते, ते सायकलइतके साचेपर्यंत मुलीचे सत्र संपून जाते. कर्ज काढावे, तर बँकेच्या व्यवहारात सायकलला जागा नाही. मोटारसायकलची नोंदणी होते, पुस्तिकेवर नजरगहाणाचा शेरा मारता येतो, म्हणून वित्तसंस्था ती हप्त्यावर देण्यास तत्पर असतात. सायकलची नोंदणीच नसल्याने तारणाचा शेरा मारायचा कोठे, आणि पाच-सहा हजारांच्या कर्जाचा कागदोपत्री खर्च कोणी सोसायचा? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पूर्वी सायकल अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये तोही बंद झाला. परिणामी ज्याला सायकल पुरेशी आहे, तो एक तर पायी चालतो किंवा न पेलणाऱ्या मोटारसायकलच्या हप्त्यांत आणि शंभरीपार गेलेल्या पेट्रोलमध्ये अडकतो. तिसरा मार्ग खाजगी सावकाराचा. शेकडा पाच रुपये मासिक दराने ५,८८० रुपयांवर महिन्याला २९४ रुपये नुसते व्याज होते.

रात्री जेवणानंतर शेठजींनी ती खतावणी सुनेपुढे ठेवली. तिने पाठकोऱ्या कागदावर चार आकडे मांडले.

‘‘बाबूजी, पाच हजार आठशे ऐंशीचे बारा हप्ते केले, तर हप्ता चारशे नव्वदचा होतो. रिक्षाचे नऊशे त्याचे वाचणार. म्हणजे दुसरी उचल देऊनही त्याच्या हातात महिन्याला चारशे दहा रुपये जास्तच राहतील. मागचे पाचशे चालू ठेवले तरी त्याला ओढ बसत नाही.’’

शेठजींनी कागद दोनदा पाहिला. ‘‘मी त्याच्या खात्यातली बाकी पाहिली,’’ ते म्हणाले, ‘‘खर्च पाहिलाच नाही.’’

ज्ञानपंचमीला वह्या-पुस्तकांचे पूजन झाले. त्यानंतर त्याच्या खात्यावर ‘सायकलबाबत नावे रुपये ५,८८०’ अशी नोंद पडली. व्याजाचा रकाना या वहीतही कोराच राहिला. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी मुलगी सायकलने शाळेत गेली.

नातवाची गोष्टही तशीच मिटली नाही. ‘‘शाळा दीड किलोमीटरवर आहे. तू रोज सायकलने जाणार आहेस का?’’ असे शेठजींनी विचारले, तेव्हा तो घुटमळला. त्याला आजवर स्कूटरवरून सोडले जात असे. अखेर वडिलांची जुनी सायकल टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि साखळी बदलून साडेआठशे रुपयांत रस्त्यावर आली. तीन महिने तिने शाळेत जावे आणि मग नव्या सायकलचा विचार करावा, असे ठरले. नातू काही दिवस रुसला. पण जाऊ लागला. नवी सायकल घेतली जाईल किंवा जाणारही नाही. घेतली तर ती जिन्याखाली पडणार नाही, एवढी खात्री मात्र झाली.

सायकलने मुलीचे शिक्षण कसे टिकते, याचे उदाहरण बिहारने घालून दिले आहे. तेथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी प्रारंभी दोन हजार रुपये देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष होता. जे एका राज्याच्या तिजोरीला साधले, ते एका दुकानाच्या वहीलाही आपल्यापुरते साधता येते.

साधी सायकल आजही परवडते, असाच या हिशेबाचा निष्कर्ष आहे. पण तो एकरकमी पैसा हाती असणाऱ्यापुरता. ज्याच्या हाती तो नाही, त्याच्यासाठी किंमत उतरण्याची वाट पाहण्यापेक्षा रकमेचे हप्ते पाडून देणारा कोणी भेटणे अधिक मोलाचे. बँकेला जे कर्ज परवडत नाही, ते पेढीला परवडते. कारण पेढी माणसाला ओळखते, हप्ता पगारातच वळता होतो आणि कागदपत्राचा खर्च एका ओळीचा असतो. दहा माणसे कामाला असलेल्या दुकानाने वर्षाला दोघांना अशी बिनव्याजी उचल दिली, तर बारा हजारांच्या आत रक्कम गुंतते आणि वर्षाअखेर ती परत येते. जोडीला दुकानामागे सायकल उभी करण्यास छपराखालची जागा आणि एक हवेचा पंप असला, की पुरे. देण्यापूर्वी मात्र माणसाच्या खात्यातील बाकीबरोबर त्याच्या घरचा खर्चही विचारून घ्यावा.

मुनीमजींनी त्या पावणेचारशेच्या सायकलवर पुढे एकतीस वर्षे गावोगावची वसुली केली. तीनशे पंचाहत्तर रुपये पंचवीस महिन्यांत परत आले होते. त्या सायकलने दुकानाला पुढे काय मिळवून दिले, ते खतावणीत कोठेच लिहिलेले नाही. पण शेठजींना ते ठाऊक आहे.