खेळाडूंचे घराणे

"आमच्या घराण्यात कोणी खेळाडू नाही हो!" असे आपल्या वर्गातले पालक सहज म्हणून जातात. मग मूल पाचवीला गिम्नाझियुममध्ये गेले, अभ्यास वाढला, की सर्वांत आधी बंद होते ते फेराइन. आम्हांला हे पटत नाही. का, ते सांगण्यासाठी इथल्याच एका धावपटूची ही हकीकत.

थोमास वेसिंगहागे यांचा जन्म १९५२ साली हागेन येथे झाला. त्यांची शर्यत १५०० मीटरची, म्हणजे मोठ्या मैदानाच्या पावणेचार फेऱ्या. धावता धावताच ते वैद्यकी शिकले आणि हाडांचे डॉक्टर झाले. त्यांच्या पत्नी एलेन यासुद्धा १५०० मीटर धावणाऱ्या, ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या.

१९८० साली वेसिंगहागे ऐन भरात होते, पण पश्चिम जर्मनीने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. ऑलिंपिक संपून महिनाही झाला नव्हता, तोच २७ ऑगस्टला कोब्लेंझ येथे ते ३ मिनिटे ३१.५८ सेकंदांत धावले. ही वेळ तोवरच्या विश्वविक्रमापेक्षाही सरस होती! परंतु त्याच शर्यतीत इंग्लंडचे स्टीव्ह ओव्हेट ०.२२ सेकंद आधी पोहोचले आणि विश्वविक्रम त्यांच्या नावावर लागला. वेसिंगहागे यांच्याकडे जर्मन विक्रम आला. तो थेट २०२५ साली रॉबर्ट फार्केन यांनी मोडला. मुलांनो, तोवर तुमचे आईबाबा लहानाचे मोठे झाले होते!

पुढे १९८२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक पदक मात्र कधीच मिळाले नाही. म्हणून ती सारी वर्षे फुकट गेली असे कोण म्हणेल? धावण्यामुळे त्यांची डॉक्टरकी काही अडली नाही.

नवराबायको दोघेही धावणारे, तेव्हा सरावाला का जायचे हे त्या घरात समजावून सांगावे लागत नसणार. आपल्या घरी ते सांगावे लागते, एवढाच फरक. आणि तो भरून काढता येतो. जर्मन क्रीडाबिल्ला, म्हणजे श्पोर्टआबत्साइशेन, सहाव्या वर्षापासून कोणालाही मिळवता येतो. त्यात धावणे आहे, उडी आहे, फेकणे आहे. पोहता मात्र यायला हवे. एकाच घरातले, दोन पिढ्यांतले मिळून निदान तिघे उत्तीर्ण झाले, तर कुटुंबाला वेगळे प्रमाणपत्र मिळते. पालकहो, नुसते मैदानाबाहेर उभे राहून घड्याळ पाहू नका, तुम्हीही उतरा. उन्हाळ्यात आजीआजोबा आले असतील तर त्यांनाही विचारा.

राहिला आपला वर्ग. शर्यती बहुधा शनिवारी-रविवारी असतात आणि आपला वर्गही तेव्हाच. मराठी शिकवणारे आम्हीच सांगतो: शर्यतीच्या दिवशी मुलाला खुशाल शर्यतीला पाठवा, आम्ही गैरहजेरी लावणार नाही. गृहपाठ मात्र पुढच्या वेळी दोन्ही आठवड्यांचा!