परिचारिकांची मोजदाद कोण करणार?

आज १२ मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत आज मेणबत्त्या लागतील, शपथ म्हटली जाईल, एखाद्या अधिपरिचारिकेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. त्यात वावगे काही नाही. पण हातात दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाईंची तसबीर आपण इतकी जपली की त्यांचे दुसरे काम नजरेआड झाले. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी आकडे मांडले. शत्रूच्या गोळीने जेवढे सैनिक मेले, त्याहून कितीतरी अधिक रुग्णालयातल्या घाणीने आणि साथीने मेले, हे त्यांनी तक्ते काढून सरकारपुढे ठेवले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सभासद करून घेतले. त्या तिथल्या पहिल्या स्त्री सभासद. मोजून समोर ठेवल्याशिवाय सरकार हलत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्या जन्माला २०२० मध्ये दोनशे वर्षे झाली. त्यानिमित्त जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये करोनाची महासाथ जाहीर झाली. २२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. आणि सप्टेंबरमध्ये, करोनाने किती आरोग्य कर्मचारी दगावले या प्रश्नावर केंद्र सरकारने राज्यसभेत उत्तर दिले, की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. ज्यांच्यावर फुले उधळली, त्यांच्यातले किती गेले याची नोंद ठेवावी असे कुणाला वाटले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे अंदाज बांधला, की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी करोनाने दगावले असावेत. अंदाजाच्या दोन टोकांमध्ये लाखभर माणसांचे अंतर आहे. जगात बहुतेक ठिकाणी ही मोजणी नीट झालीच नाही, हे त्यावरून उघड दिसते.

परिचारिकांवर झालेल्या अन्यायाचे मूळ आम्हाला इथे दिसते. त्या कक्षात हव्या असतात, पण कागदावर मोजायला नको असतात.

करोनाच्या त्या वर्षीची ड्युटी कशी होती ते ज्यांनी केली त्यांच्याकडून ऐकावे. पीपीई किट घालण्याआधी पाणी पिणे बंद करायचे, कारण एकदा आत गेल्यावर सहा-आठ तास बाहेर येता येत नसे. किट कमी, म्हणून मध्ये उतरवून दुसरे घालण्याची सोय नाही. कुणी डायपर लावून जाई. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना सांगायला नको. हातमोज्यांवर हातमोजे, मनगटाला चिकटपट्टी, गॉगलवर वाफ धरलेली, आणि तशात म्हाताऱ्या माणसाची शीर बोटाने चाचपून सलाईन लावायचे. सगळे सारखेच दिसत, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहिलेले. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तेव्हा स्वतःचा मोबाइल पिशवीत गुंडाळून रुग्णापुढे धरणारी आणि पलीकडच्या मुलीला ‘बोला, ते ऐकतायत’ असे सांगणारीही सिस्टरच. दिल्लीच्या ‘एम्स’मधील परिचारिकांनी जून २०२० मध्ये पीपीईतली ड्युटी चार तासांची करा म्हणून आंदोलन केले, ते काही चैनीसाठी नव्हते.

ड्युटी संपल्यावरचे विलगीकरण रजेत धरायचे की कामात, यासाठीही सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयात एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यात पंचवीसहून अधिक परिचारिका बाधित निघाल्या आणि अख्खे रुग्णालय प्रतिबंधित करावे लागले. लक्षणे असूनही वेळेवर तपासणी झाली नाही, अशी परिचारिकांची तक्रार होती. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतल्या शेकडो मणिपुरी परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. पगार कापलेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाळीत टाकलेले, चेहऱ्यावरून टोमणे. वर्षभराने, दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना, दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात केरळच्या परिचारिकांनी आपापसांत मल्याळम बोलू नये, असे परिपत्रक निघाले. ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते मागे घेतले गेले, पण ते काढण्याचे धाडस झाले होते.

आता आपल्या घरचे बघू. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचली. त्या दहा आयांच्या दुःखापुढे कोणाचीही बाजू मांडताना जीभ अडखळते, आणि जबाबदारी ठरायलाच हवी होती. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. पण कंत्राटी परिचारिकांच्या सेवाच संपवण्यात आल्या आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. निलंबित अधिकाऱ्याची नोकरी शाबूत राहते, निर्वाह भत्ता मिळतो, खातेनिहाय चौकशीत बाजू मांडता येते. कंत्राटी सिस्टरसाठी एक ओळीचा आदेश पुरतो. तिच्याकडून कसूर झाली की नाही हे न्यायालय ठरवील. पण इमारतीत आग विझवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती, ती बसवणे तिच्या हातात होते का? तिच्या पाळीत किती परिचारिका असाव्यात, हे ती ठरवत होती का?

दहा महिन्यांनी तेच नगरला घडले. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. जिल्हा रुग्णालयाच्या करोना अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. चारच दिवसांच्या आत पोलिसांनी अटक केली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. सणाच्या दिवशी घर सोडून कामावर आलेल्या या चौघीजणी. विभाग बांधणारे, वीजजोडणी करणारे, अग्निसुरक्षेच्या फायली अडवून ठेवणारे यांच्यापर्यंत पोलिस त्याच वेगाने पोहोचले नाहीत. आमच्या मते हा योगायोग नव्हे. रुग्णाच्या सर्वांत जवळ जी उभी असते, तिच्यापर्यंत हात सर्वांत आधी पोहोचतो. वर जावे तशी जबाबदारी विरळ होत जाते.

कंत्राट हे या सगळ्याचे हत्यार आहे. साथीत जाहिराती देऊन, थेट मुलाखती घेऊन तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर मुली भरल्या. लाट ओसरली, कोविड सेंटरे बंद झाली, आणि निधी नाही म्हणून त्यांना घरी पाठवले. काहींचे पगार थकले ते वेगळेच. अनुभवाचे प्रमाणपत्र मिळाले, सेवेची सलगता नाही. आणि एवढा धडा मिळूनही २०२२ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा घाट घातला गेला, तेव्हा राज्यभरच्या परिचारिकांना संपावर जावे लागले. त्या संपावेळी रुग्णांच्या हालाच्या बातम्या बऱ्याच आल्या. वर्षानुवर्षे रिक्त राहिलेल्या पदांमुळे रोज जे हाल होतात, त्यांची बातमी होत नाही.

खासगी क्षेत्राचे तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने स्पष्ट सांगितले होते: पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन २० हजारांवर नेले, तेही तिथल्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या म्हणून. आपल्याकडच्या तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये आजही दहा-बारा हजारांवर रात्रपाळ्या करणाऱ्या मुली कुणीही दाखवून देईल.

तेव्हा आजच्या दिवशी सरकारकडे मागणे आहे ते मोजण्याचे. प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि आजच्या पाळीत कोणत्या कक्षात किती रुग्णांमागे किती परिचारिका आहेत, याचा फलक लावा. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेतच: अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात जवळपास एकास एक. रात्री चाळीस खाटांच्या कक्षात एकटी सिस्टर उभी असेल, तर तो नियमभंग तिचा नसून प्रशासनाचा आहे. दुर्घटनेच्या चौकशीत त्या पाळीचे मनुष्यबळ आधी तपासावे आणि मगच परिचारिकेवर कारवाई करावी, असा नियम करा. आणि करोनात राज्यातल्या किती परिचारिका गेल्या, त्यांतल्या किती जणींच्या घरी करोनाकाळात जाहीर झालेल्या ५० लाखांच्या विम्याची रक्कम पोहोचली, किती दावे कागदांअभावी फेटाळले, हे विधिमंडळात सांगा.

वाचकांनाही एक विनंती. आपले माणूस रुग्णालयात असेल आणि हाक मारल्यावर सिस्टर लगेच आली नाही, तर तिच्यावर ओरडण्याआधी कक्षातल्या खाटा मोजा आणि परिचारिका मोजा. ते दोन आकडे लिहून घ्या, आणि तक्रार तिच्याविरुद्ध न करता थेट वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या.