‘एक प्रकारची होडी’

पाठ्यपुस्तकांच्या शेवटी, बखरींच्या संपादित आवृत्त्यांत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांना जोडलेल्या शब्दार्थांत काही नोंदी हमखास आढळतात. गलबत : एक प्रकारचे जहाज. मचवा : एक प्रकारची होडी. शिबाड : एक प्रकारचे मोठे गलबत. पडाव : होडीचा एक प्रकार. या नोंदींतून वाचकाच्या पदरात काय पडते? एवढेच, की ही वस्तू पाण्यावर तरंगते. ते तर त्याला मूळ वाक्यावरूनच कळले होते. अर्थ दिल्याचा देखावा तेवढा होतो आणि विद्यार्थी पुढच्या ओळीकडे वळतो. या देखाव्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ज्या समाजाला आपल्या नौका एकमेकींपासून ओळखता येत नाहीत, त्याला आरमाराचा अभिमान मिरवण्याचा अधिकार किती, हा आमचा प्रश्न आहे.

आम्ही कासारवाडीत शिकवतो. समुद्र इथून घाटापलीकडे आहे, तेव्हा ही उठाठेव आमची कशी, असे कोणी विचारील. उत्तर याच परिसरात आहे. कासारवाडीपासून चाकणपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन ‘एक प्रकारचा बोल्ट द्या’ असे म्हणून पाहावे. आठचा की दहाचा, लांबी किती, आटे कसे, डोके षटकोनी की ॲलनचे, असे चार प्रश्न तत्काळ अंगावर येतात. त्यांची उत्तरे न देणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. दोन-चार रुपयांच्या वस्तूला जी अचूकता आम्ही निमूटपणे देतो, ती शेकडो माणसांचे प्राण वाहून नेणाऱ्या वस्तूच्या नावाला का नाकारावी? ज्या गावाच्या नावातच कासार हा कारागीर बसला आहे, तिथून तरी हा प्रश्न विचारला जायला हवा.

आता या ‘प्रकारां’कडे जरा नीट पाहू. गुराब हे दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज. दोन काठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, तळ उथळ, आणि पुढचा भाग निमुळता होत पाण्यावर चोचीसारखा लांब आलेला. हे नाव अरबीतून आले आहे आणि अरबीत त्याचा अर्थ कावळा असा होतो. या पुढच्या भागावरून दोन तोफा नाकासमोर मारा करीत. गलबत बांधणीत गुराबेसारखेच, पण लहान. सत्तर टनांच्या पुढे क्वचितच जाणारे. त्याला शिडे असत, शिवाय चाळीस-पन्नास वल्हीही असत. म्हणजे वारा पडला तरी गलबत चालत राही.

हा शेवटचा तपशील आरमारी इतिहासाची किल्ली आहे. वारा पडला की इंग्रजांची उंच, खोल बुडीची जहाजे जागच्या जागी खिळत. अशा वेळी गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना दोराने ओढीत आणीत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नाहीत, तिथे नेऊन उभी करीत. मग गुराबांच्या पुढच्या तोफा बोलू लागत. उथळ तळामुळे हीच जहाजे खाड्यांत शिरून दिसेनाशी होत. १६७९ साली खांदेरीला इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचवली ती लहान, चपळ नावांनी. मोठ्या जहाजांना त्यांना अडवणे जमले नाही. ‘गुराब : एक प्रकारचे जहाज’, ‘गलबत : एक प्रकारचे जहाज’ असे शिकलेल्या विद्यार्थ्याला हे डावपेच कळायचे कसे? त्याच्या लेखी दोन समान वस्तूंची दोन नावे आहेत. विजयाचे कारण मग त्याला नायकाच्या शौर्यात शोधावे लागते आणि आपले कादंबरीकार ते त्याला मुबलक पुरवतात. नायक नाळेवर उभा असतो, भगवा फडकत असतो, तोफा धडधडत असतात; पण वारा कोणत्या दिशेचा, शीड कोणते आणि वल्ही कोणाच्या हातांत, याचा पत्ता नसतो.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की गुराब आणि गलबताचे वर दिलेले वर्णन आज सर्वत्र ज्याच्या आधारे केले जाते, तो रॉबर्ट ऑर्म हा अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार होता. शत्रूपक्षाला आमच्या नौकेचा आकार नोंदवावासा वाटला, कारण तिच्याशी त्याची गाठ होती. आम्हांला तिचे फक्त नाव पुरले.

अर्थात आपल्याकडे कोणाचीच दृष्टी तिकडे गेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सभासदाने नौकांची नावे जातवार दिली. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, असा व्यवहारी विवेक त्यात आहे. तिथेच लाकडाविषयीची ती प्रसिद्ध आज्ञा येते. सागवानासारखी झाडे राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात. हा उतारा आज पर्यावरणाच्या भाषणांत उद्धृत होतो, राजाच्या रयतप्रेमाचा दाखला म्हणूनही शिकवला जातो. त्यात चुकीचे काही नाही. पण तो मुळात जहाजबांधणीचा उतारा आहे, याची आठवण किती जण देतात? प्रकरणातून नौका काढून टाकायची आणि उरलेल्या लाकडावर व्याख्यान द्यायचे, ही आपली रीत.

याचे कारण आमच्या मते असे, की मराठी माणसाचा वारसा दगडाचा आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आहेत. त्या दिवशीचा आनंद आमचाही होता. परंतु सागरी दुर्ग हे नौकांचे घर होते; घर उरले आणि राहणारी गेली, याची खंत त्या जल्लोषात कुठे उमटली नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या पायथ्याशी आंग्र्यांचे आरमार जळाले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन चूक केली की नाही, यावर आपण अडीच शतके वाद घालतो आहोत. जळाले ते काय होते, ते कोणी बांधले होते, किती वर्षांचे ज्ञान त्या सागवानात मुरले होते, यावर मात्र वाद नाही. वादापुरतीही माहिती आपण गोळा केलेली नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी शिवछत्रपतींच्या मुद्रेचा अष्टकोन नौदलाच्या ध्वजावर आला. मुद्रा आली, ध्वज आला, दुर्ग आले. नौका तेवढी ‘एक प्रकारची’ राहिली.

यावर हमखास आक्षेप येतो : लाकूड कुजते, दगड टिकतो; त्याला कोण काय करणार? १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज पाण्यात उतरले. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेले हे जहाज आज, दोनशेहून अधिक वर्षांनी, इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. याच वाडियांनी बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरल्यावर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीची लढाई झाली आणि आमच्या शेजारच्या दापोडीला तळ देऊन असलेली फोर्डची पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. त्या लढाईची तारीख आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच महिन्याभरात आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच सुतारांच्या हातून एक अशी वस्तू घडली जी आजही शाबूत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ते जहाज तिथे टिकले ते लाकूड चांगले होते म्हणून, आणि ते काय आहे हे ओळखणारी माणसे तिथे होती म्हणूनही. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पन्नास वर्षांहून जुनी, ठरावीक लांबीची नौका असेल तर तिचे नाव, बांधणीचे साल, बांधणाऱ्याचे नाव, लाकूड, मालकांची परंपरा, सारे तिथे टिपले जाते. मग ती राजाची असो की कोळशाची ने-आण करणारी. गौरव पुढची पायरी, आधी ओळख. आपण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी घेतो आणि तोंडघशी पडतो.

दुसरा आक्षेप भावनिक आहे : आज कोळीबांधव फायबरची होडी घेतात, तुम्ही लाकडाचे उमाळे काढता. आम्ही उमाळे काढीत नाही. सागवानाचा भाव आणि दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च ज्याला परवडत नाही, त्याने फायबर घ्यावे हे रास्तच आहे. लाकडी मचवा वापरण्याची सक्ती त्याच्यावर नको. तो मचवा काय होता हे लिहून ठेवण्याची सक्ती मात्र आमच्यावर, लिहिण्या-वाचण्यावर पोट भरणाऱ्यांवर, असावी.

आणि हा प्रश्न साहित्याचा नाही असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे. मराठी कवितेत नाव शतकानुशतके आहे, पण ती भवसागरातली. नावाडी आहे, तो पैलतीराला नेणारा. संतांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या श्रोत्यांनी नदीची तर रोज पाहिली होती, ओल्या लाकडाचा वास त्यांना ठाऊक होता. रूपक त्या अनुभवावर उभे होते. आज आमच्या विद्यार्थ्याने पवना ओलांडली ती पुलावरून. त्याच्यासाठी खालचा अनुभव नाहीसा झाला आहे आणि रूपक अधांतरी लोंबते आहे. सुकाणू, डोलकाठी, शीड हाकारणे, नांगर टाकणे हे शब्द तो पक्षाच्या अध्यक्षासंबंधी आणि संस्थेच्या भवितव्यासंबंधी ऐकतो. वस्तू कधी पाहत नाही. रूपकातून वस्तू गेली की भाषेत फक्त भाषण उरते.

ओळखीतून गौरव कसा जन्मतो याचे उदाहरण ताजे आहे. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ ही नौका नौदलात दाखल झाली. गोव्यात बांधलेली ही नौका फळ्या काथ्याच्या दोराने शिवून केलेली आहे. आराखडा कुठला? अजिंठ्याच्या भिंतीवरील पाचव्या शतकातील चित्रातल्या जहाजाचा. मूळ नौका नाही, नकाशे नाहीत. होते एक चित्र. ते कोणीतरी बारकाईने वाचले. शिडे मोजली, सुकाणूची जागा पाहिली, केरळच्या कारागिरांच्या हातातले ज्ञान त्याला जोडले. ही मूलतः वाचनाची करामत आहे, आणि वाचन हा तर आमचा-तुमचा व्यवसाय. ते चित्र पाहून कोणी ‘एक प्रकारचे जहाज’ अशी टीप लिहिली असती, तर ‘कौंडिण्य’ भिंतीवरून खाली उतरली नसती.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. बखरींच्या आणि कादंबऱ्यांच्या संपादकांनी ‘एक प्रकारची’ हे दोन शब्द शब्दार्थांतून हद्दपार करावेत. डोलकाठ्या किती, शीड कसे, तळ उथळ की खोल, काम मालाचे की लढाईचे, पाणी खाडीचे की खुल्या समुद्राचे, एवढे चार ओळींत बसते. बोलीभाषांच्या सर्वेक्षणाला विद्यार्थी किनाऱ्यावर जातात, तेव्हा म्हणी-गाण्यांबरोबर एका नावेची संपूर्ण नोंद आणणे बंधनकारक असावे : तिचे नाव, बांधली कुठे, लाकूड कोणते, प्रत्येक भागाला नाखवा काय म्हणतो, आणि सुतार कोण. विशेषतः सुतार कोण. ‘ट्रिंकोमाली’वर घण घालणाऱ्या शेकडो हातांची नावे आपण गमावली, निदान शेवटच्या मचव्यावरची तरी गमावू नयेत. हे काम जो विभाग करील त्याने आरमाराचा अभिमान खुशाल मिरवावा. इतरांनी आधी गुराब आणि गलबत यांतला फरक सांगावा.