पालघाट देवीचा भाव

मुंबई-पुण्याच्या एखाद्या बऱ्यापैकी घरात शिरा. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या काड्यांची माणसं फेर धरून नाचताना दिसतील. मधोमध तारपा वाजवणारा, बाजूला झाड, झाडावर मोर. साडीच्या पदरावर तीच माणसं, चहाच्या मगावर तीच, सरकारी कुंपणाच्या भिंतीवरही तीच. हौशी मंडळींच्या लग्नपत्रिकेवर मात्र चौक असतो. चौकटीत चौकट, नक्षीच्या पट्ट्या आणि आत एक बाई. लग्न लागलं, पंगती उठल्या, की पत्रिका रद्दीत जाते.

त्या चौकातल्या बाईचं नाव पालघाट. ती वारली आदिवासींची देवी. तिच्यावाचून वारल्याचं लग्न लागत नाही. आपल्याकडे ती कागदाच्या दर्जाप्रमाणे शेकड्याच्या भावानं छापून मिळते, आणि ती कोण हे विचारावं असं कुणाला वाटत नाही. वारली नक्षीची पायपुसणी बाजारात ढिगानं लागलेली असतात. त्यावरून कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही. तीच चूक आपल्या देव्हाऱ्यातल्या एखाद्या देवीबाबत झाली असती तर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचा शाबूत राहिल्या असत्या का?

चौक कसा निघतो ते एकदा नीट पाहायला हवं. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यात लग्नघराची आतली कुडाची भिंत शेणानं सारवतात आणि तिच्यावर गेरूचा हात देतात. तांदूळ वाटून त्याचं पातळ पीठ करतात. काडीचं टोक दातांनी चावचावून त्याचा कुंचला करतात. चौक काढायचा तो सुवासिनींनी, आणि तोही गाणी म्हणत. चौकटीच्या आत देवी, तिच्या आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडंपेडं. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर पंचशिऱ्या देव. चित्र पुरं झालं म्हणून काम संपत नाही. ते कापडानं झाकून ठेवतात. भगताच्या अंगात येतं, देवांना बोलावणं जातं, आणि मग देवीवरचं कापड बाजूला होतं. तोवर ती रेघांची नक्षी असते. त्यानंतर ती पालघाट.

आणि लग्न कोण लावतं? धवलेरी. म्हणजे एक बाई. तिच्याजवळ पोथी नसते, मंगलाष्टकं नसतात, दक्षिणेचा तगादाही नसतो. ती गाते, गाण्यातून देवांना मांडवात आणते, आणि त्या साक्षीनं नवरा-नवरी एकमेकांची होतात. इथं मला महात्मा फुल्यांची आठवण होते. 1873 साली सत्यशोधक समाज काढल्यावर भटाविना लग्न लावायचं म्हणून त्यांच्या माणसांनी किती सोसलं! बहिष्कार झाले, दक्षिणा बुडाली म्हणून कज्जे कोर्टात गेले. पुण्याच्या शहाण्यासुरत्या लोकांना जे पचलं नाही, ते वारलीण पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे करत आली होती. आजही आपल्या शहरात एखादी बाई पौरोहित्य करते तेव्हा वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो. एवढं असून मागासलेले मात्र ते, आणि सुधारणा त्यांच्यापर्यंत नेणारे आपण.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा एक कलंदर चित्रकार या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन पोचला. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाताला तर त्यातून जगभर नाव मिळालं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. यात वाईट काय, असं कुणी विचारील. काहीच वाईट नाही. चित्रं विकून चार वारली पोरं शिकली, घरावर कौलं आली, तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाच नाही. सुवासिनींच्या हातातला कुंचला बाजारात आल्यावर बराचसा पुरुषांच्या हाती गेला, हे मला खटकतं. पण तो हिशेब त्या समाजानं आपल्या घरात करायचा आहे. माझं भांडण गिऱ्हाइकाशी आहे. गिऱ्हाइकाला चित्र हवं, चित्र काढणारा नको. त्यातही ते गिरणीत छापलेलं स्वस्तातलं मिळालं तर फारच उत्तम, म्हणजे वारल्याला चार पैसेही द्यायला नकोत.

हे गिऱ्हाईक आजचं नाही. त्याचे वाडवडील वारल्याच्या लग्नमांडवात फार आधीपासून येत होते, फक्त त्या वेळी ते चित्र न्यायला येत नव्हते. ठाणे जिल्ह्यातल्या सावकार-जमीनदारांची लग्नगडी नावाची रीत होती. वारल्याला लग्न करायचं तर तांदूळ हवेत, ताडी हवी, देवाला कोंबडा हवा, गावाला जेवण हवं. हातात छदाम नाही. मग सावकाराकडून थोडंथोडकं कर्ज घ्यायचं आणि त्या बदल्यात त्याच्या शेतावर राबायचं. एकट्यानं नव्हे, नव्या नवरीसकट. कर्ज फिटत नसे. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा पाड्यावर एकही नाही. जन्म जाई. मार खावा लागे, बायकोची अब्रू जाई. ज्या देवीसमोर हे जोडपं उभं राहिलं, तिचा चौक भिंतीवर पुरता वाळायच्या आत दोघं गुलाम झालेली असत.

हे सावकार कोण होते? बाहेरून आलेले गोरे नव्हेत. त्यांतले कितीतरी आपलेच, देवदेव करणारे. एकादशी पाळणारे. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली आलं, साहित्य अकादमीनं गौरवलं, आपण ते कपाटात लावलं. त्यातल्या जमीनदारांच्या घरी कोणकोणते सण साग्रसंगीत होत असतील, हा विचार वाचताना किती जणांच्या मनात आला? किसान सभेनं 1945 साली वारल्यांना उभं केलं आणि वेठ व लग्नगडी मोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. लाल बावटा खांद्यावर घेणाऱ्या त्या माणसांनी आपला हिरवा देव, हिमाय, नारनदेव सोडले नव्हते. देव न सोडताही गुलामी सोडता येते, हे आपल्या पुस्तकी पुरोगाम्यांनी त्यांच्याकडून कधी शिकून घेतलं नाही.

आता त्यांच्या धर्माचं आपण काय केलं ते पाहू. इंग्रजांच्या खानेसुमारीत या लोकांना कधी जडप्राणवादी म्हटलं, 1931 साली टोळ्यांचा धर्म असा वेगळा रकाना ठेवला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1943 साली लिहिलं की हे तर मागासलेले हिंदूच. स्वातंत्र्यानंतर 1951 साली तो रकानाच गेला. 2011 च्या जनगणनेत देशात साडेदहा कोटींच्या आसपास आदिवासी मोजले गेले. ‘इतर धर्म’ या सदरात सगळे मिळून एकोणऐंशी लाख भरले. त्यांतले पन्नास लाखांच्या जवळपास लोक आपला धर्म सरना लिहिणारे आणि दहा लाखांवर गोंडी. म्हणजे पूर्वेकडच्या लोकांनी भांडून, हट्टानं आपलं नाव लिहवून घेतलं. महाराष्ट्रात आठ लाखांच्या घरात असलेल्या वारल्यांना बहुतेक ठिकाणी कुणी विचारलंसुद्धा नसेल. विचारलं असतं तर पुष्कळांनी हिंदू असंच सांगितलं असतं, हे मला माहीत आहे. त्यांच्या पाड्यांवर गणपती बसतात, आणि काही घरांत येशूचं चित्रही लागलं आहे. सांगण्याचा हक्क त्यांचा आहे, एवढंच माझं म्हणणं. मिशनरी म्हणतो, यांना धर्म नाही, तो मी देतो. दुसरा म्हणतो, यांचा धर्म माझाच आहे, ते विसरलेत, मी आठवण करून देतो. दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे: वारल्यानं गप्प बसावं.

दिवाळीचंच घ्या. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला डोंगरपट्टीत वाघबारस असते. शिवेवर वाघदेव उभा असतो, लाकडाचा किंवा दगडाचा, त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र. त्याला शेंदूर लावतात, कोंबडा-नारळ देतात, आणि गुराख्यांनी वाघाला सांगायचं की आमची गुरं सांभाळ. जो गुरं खातो त्यालाच गुरं राखायला लावायची! त्याला मारून टाकू असं नव्हे, त्याच्याशी करार करू. आपल्या शाळेच्या पुस्तकात पर्यावरणाचा धडा येतो तेव्हा मुलांना दूरवरच्या चळवळी शिकवतात. हा वाघदेव मुंबईतल्या आरेच्या पाड्यांवरही आहे, आणि त्याच आरेत 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात तोड सुरू झाली आणि अवघ्या काही दिवसांत दोन हजारांवर झाडं पाडली गेली. त्यानंतर जी हळहळ झाली तीत हवेचा दर्जा होता, सावली होती, बिबट्या होता. या जंगलात कुणाचा देव राहतो, हे फार थोड्यांनी विचारलं. एखाद्या सोसायटीच्या कोपऱ्यातलं अनधिकृत मंदिर हलवायचं झालं तर महापालिका दहादा विचार करते. शिवेवरच्या वाघोबाला नोटीस द्यायचीही गरज पडत नाही.

मी वारल्यांच्या देवादिकांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. भुताळी ठरवून बाईला छळणं, मारणं, गावाबाहेर काढणं हे त्या समाजात झालं आहे, नंदुरबारकडे डाकीण म्हणून झालं आहे. तो गुन्हा आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम तिथं लागलंच पाहिजे, आणि ‘परंपरा’ हा शब्द त्या आड येता कामा नये. भुताळी ठरते ती बहुधा विधवा, एकटी, नावावर तुकडाभर जमीन असलेली. यात भुताचा संबंध किती आणि भावकीचा किती, हे सांगायला भगत लागत नाही. असा लोभ आपल्या वाड्यांतूनही काय थोडा माजला? विधवेचं केशवपन करून तिला माजघरात कोंडणारे आपले आजे-पणजे तिच्या वाट्याच्या जमिनीवरही बसलेच होते.

पण याच्या पलीकडे एक सोयीस्कर ढोंग आहे. पोर तापानं फणफणलं म्हणून बाई भगताकडे गेली, की आपण तिला अडाणी म्हणतो. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून अधिक मुलं कुपोषणानं मेली. ती भगताच्या अंगाऱ्यानं मेली नव्हती. पोटात अन्न नव्हतं, आणि दवाखाना होता तिथं पोचायला रस्ता नव्हता. मंत्री आले, गाड्यांच्या रांगा लागल्या, योजना जाहीर झाल्या. त्यानंतरही त्या भागातून पावसाळ्यात झोळीतून बाळंतिणी आणल्याच्या बातम्या येतच राहिल्या. भगत निदान पाड्यावर राहतो. रात्री हाक मारली तर उठतो. त्याचे उपचार खोटे असतील, पण त्याच्या दाराला कुलूप नसतं. ज्या राज्याला तेवढंही जमलं नाही, त्यानं वारल्याला विज्ञाननिष्ठेचे धडे द्यायला कोणत्या तोंडानं जावं?

आता 2027 ची जनगणना आली आहे. या वेळी माहिती मोबाइलवर भरायची आहे. वारल्याच्या दारात जाणारा प्रगणक बहुतेक करून आपल्यातलाच असेल, जवळच्या शाळेतला मास्तर. उन्हातान्हाचा, घाईत, शंभर घरं उरकायची असलेला. धर्माचा प्रश्न आला की त्याचं बोट सवयीनं एका ठिकाणी जाईल, समोरच्या म्हाताऱ्याचं तोंड उघडायच्या आत. मास्तर, तिथं जरा थांबा. आजोबा, तुमचा धर्म कोणता, असं त्यांना विचारा. ते हिंदू म्हणाले तर हिंदू लिहा, ख्रिस्ती म्हणाले तर ख्रिस्ती. आणि हिरवा, हिमाय, वाघदेव असं काही सांगू लागले, तर हसू नका. बसायला दिलं असेल तर बसा, आणि ते सांगतील ते सगळं, सांगतील तसं लिहून घ्या.