नाबोथाचा मळा, विखरणचे शेत



२२ जानेवारी २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याच्या विखरण गावचे धर्मा पाटील मुंबईला मंत्रालयात गेले. वय ऐंशीच्या पुढे. सरकारने वीज प्रकल्पासाठी त्यांची सुमारे पाच एकर जमीन घेतली होती आणि हातावर सुमारे चार लाख रुपये ठेवले होते. शेजारच्याला कितीतरी पट जास्त मिळाले, माझी आंब्याची झाडे कोणी धरलीच नाहीत, ही त्यांची तक्रार. दारोदार फिरून कोणी ऐकले नाही. त्या दिवशी मंत्रालयातच त्यांनी विष घेतले आणि २८ जानेवारीला प्राण सोडला. मग फेरमूल्यांकन झाले आणि मोबदल्याचा आकडा कितीतरी पटींनी फुगला. म्हातारा खरे बोलत होता, हे सरकारने मान्य केले. पण म्हातारा मेल्यावर!

ही गोष्ट नवी नाही. बायबलच्या जुन्या करारात ती पावणेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या नावावर लिहून ठेवली आहे. बायबलचे नाव काढताच काहींच्या भुवया वर जातील. जाऊ द्या. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या पंगतीत बसवले. आपल्याला धर्म बदलायचा नाही. राज्यकर्ता कोणत्या मापाने मोजावा, एवढेच त्या ग्रंथातून घ्यायचे आहे.

इस्राएलात अहाब नावाचा राजा होता. त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या शेतकऱ्याचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. म्हणाला, मळा दे. बदल्यात दुसरा चांगला मळा घे, नाहीतर रोख घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला, जेवेना. मग राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रे नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली: दोन खोटे साक्षीदार उभे करा, याने देवाची आणि राजाची निंदा केली असे म्हणा आणि दगडांनी ठेचा. गावाने तसेच केले. राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. तेथे एलीया नावाचा संदेष्टा आडवा उभा राहिला. खून करून वर मालकही झालास काय, असा जाब त्याने राजाला तोंडावर विचारला.

आता नीट बघा. अहाब दुष्ट खराच, पण मळा मिळवायला त्यालाही खोटा खटला रचावा लागला. का? त्या देशाचा कायदा नाबोथाच्या बाजूने होता. राजाला ‘नाही’ म्हणण्याचा त्याचा हक्क राजाही मोडू शकत नव्हता.

आपल्याकडे ईजबेलची गरजच उरलेली नाही. इंग्रजाने १८९४ साली भूसंपादनाचा कायदा केला, तो स्वतंत्र भारताने २०१३ पर्यंत वापरला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आणले. त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधाराने आव्हान देण्याची वाट अडवली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला. २०१३ च्या नव्या कायद्याने मोबदला वाढवला. पण प्रकल्प सरकारचा स्वतःचा असेल तर शेतकऱ्याच्या संमतीचे बंधन त्यातही नाही. आमच्या अहाबाला रुसून झोपावे लागत नाही. एक अधिसूचना पुरते.

जमिनीचे हे झाले. पिकाचे काय?

इस्राएलात आधी राजा नव्हता. लोक शमुवेलाकडे गेले आणि म्हणाले, इतरांना आहे तसा राजा आम्हालाही दे. शमुवेलाने बजावले: राजा तुमची पोरे आपल्या रथांपुढे धावायला नेईल, चांगली शेते आपल्या चाकरांना वाटेल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. मग तुम्ही रडाल, पण कोणी ऐकणार नाही. लोकांनी ऐकले नाही. राजा मागितला आणि मिळाला.

आपणही मागितला. व्यापारी लुटतो, म्हणून सरकार मायबाप हवे, असे आपणच म्हणालो. १९७१ चा कायदा झाला, १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. मग काय झाले? शिरपूरच्या शेतकऱ्याला सेंधवा दिसत होते, शहाद्याच्या शेतकऱ्याला खेतिया दिसत होते, पण स्वतःचा कापूस गाडीत घालून हद्द ओलांडली की तो गुन्हेगार! केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी आणि चुकारा हप्त्याहप्त्याने. मी शेतीची पदवी घेतली. एकरी उतारा कसा वाढवावा हे तेथे शिकलो. वाढलेला उतारा कोण गिळतो, हा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो शिकलो कापसाच्या रांगेत.

एकाधिकार गेला, राजाचा हात गेला नाही. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. ओरड झाल्यावर काही दिवसांत माघार घेतली, पण बाजार तोवर हादरला होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून घरात येण्याचा हंगाम! भाव चढला की बाहेर जाण्याचे दार बंद, माल निघाला की आत येण्याचे दार सताड उघडे. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. खेडा खरेदीत तो कोणाला मिळाला, त्याने सभेत हात वर करावा. दादर पिकवणाऱ्यांनीही हाच प्रश्न आपल्या ज्वारीला लावून पाहावा. शमुवेलाचा राजा दहावा हिस्सा घेऊन थांबत होता, तो परवडला म्हणायचा!

काही पुढारी म्हणतील, हा राजा वाईट, आम्हाला निवडा, आम्ही चांगले. त्यांना शमुवेलाचे बोलणे पुन्हा वाचायला सांगा. त्याने वाईट राजाचे वर्णन केले नव्हते. कोणताही राजा काय करतो, ते सांगितले होते. म्हणून राजाचा चेहरा बदलून भागत नाही. त्याचा हात आपल्या शेतातून आणि बाजारातून बाहेर निघाला पाहिजे.

न निघाला तर देशाचे काय होते, तेही त्याच ग्रंथात आहे. शलमोन राजा मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे गेले: तुझ्या बापाने मानेवर जड जू ठेवले, ते हलके कर. म्हातारे सल्लागार म्हणाले, हलके कर. बरोबरीचे सोबती म्हणाले, आणखी वाढव. त्याने सोबत्यांचे ऐकले, चाबकाऐवजी विंचू लावीन म्हणाला. राज्याचे दोन तुकडे झाले आणि पुढे इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेचे राज्य अश्शूरांनी गिळले. आमच्या असुडाबद्दल फुल्यांनी १८८३ सालीच लिहून ठेवले आहे. आमचा देश नकाशावर फुटलेला नाही, पण घरात फुटला आहे. जळगाव-धुळ्याची पोरे सुरतेच्या खोल्यांत राहतात, आणि शेती करणाऱ्या मुलाला शेतकरीही आपली मुलगी देत नाही. जू फेकायला जमले नाही, म्हणून पोरे शेतच सोडून निघाली!

शेवटी एक कडू गोष्ट. नाबोथाला राणीने मारले नाही. तिने फक्त पत्र लिहिले. दगड मारणारे त्याच्या गावचेच होते, साक्ष देणारेही त्याच्यातलेच. आपल्याकडेही पत्र वरून येते. त्याच्यावर सही करणारा सरपंच, बाजार समितीचा संचालक, कारखान्याचा चेअरमन आपल्या भावकीतला असतो. त्याला निवडून देणारे आपण असतो, जात बघून, नाहीतर आदल्या रात्रीची पंगत बघून.

म्हणून जिल्हा मेळाव्यात तीन गोष्टी ठरवू. गावात कोणाच्याही जमिनीवर अधिसूचना आली, तर त्याच्या लेखी संमतीशिवाय ग्रामसभेचा ठराव होऊ द्यायचा नाही. मत मागायला येईल त्याला विचारायचे: नववे परिशिष्ट रद्द करणार का, आणि निर्यातीचे दार कायमचे उघडे ठेवणार का? हो-नाहीचे उत्तर लेखी घ्यायचे. आणि खोट्या साक्षीला आपल्या गावातून माणूस मिळता कामा नये.

एलीया एकटा होता, तरी राजाला आडवा गेला. आपण तर गावेच्या गावे आहोत.