जहाज तुमच्यासाठी थांबत नाही

परीक्षा संपत आली की आपल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "चला ना यार, या वेळी क्रूझ करू!" सोबत एक रील. निळंशार पाणी, डेकवर स्विमिंग पूल, रेलिंगला टेकून हात पसरलेलं कुणीतरी. खाली धडाधड 'येस', 'डन', 'आय अ‍ॅम इन'. आणि एक जण काहीच टाकत नाही. मेसेज वाचलेला असतो, पण उत्तर नसतं. तो मनातल्या मनात हिशेब करत बसलेला असतो.

कितीतरी ट्रिपच्या वेळी ती गप्प बसणारी मेंबर मीच होते. म्हणून हे लिहितेय. आणि दुसरं कारण म्हणजे मागच्या हिवाळ्यात मी खरंच क्रूझवर जाऊन आले. ग्रुपबरोबर नाही, आई-बाबांबरोबर. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. दादाला पहिला बोनस मिळाला होता, माझ्याकडे स्टायपेंडमधून साठवलेले थोडे पैसे होते. दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघंच गेलो. आईने तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. आमच्या घरी पाणी म्हणजे नवेगावबांध, इटियाडोह, फार तर पावसाळ्यात हाजरा फॉल.

क्रूझ फक्त श्रीमंतांसाठी नाही. पण ती रीलसारखीही नाही. आणि समुद्रापासून एवढ्या लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ती डोळे उघडे ठेवून, कागद-पेन घेऊनच ठरवावी.

रीलमधलं जहाज वेगळं

आधी एक भ्रम दूर करू. तुम्ही शेअर करता त्या बऱ्याच रील्स 'आयकॉन ऑफ द सीज' सारख्या जहाजांच्या असतात. ते 2024 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. वीस डेक, आत अख्खं वॉटर पार्क. आपल्या मुंबईहून 2021 मध्ये कॉर्डेलियाच्या सफरी सुरू झाल्या त्या 'एम्प्रेस' जहाजावर. हे जहाज 1990 मध्ये बांधलेलं, अकरा डेकचं. 'आयकॉन' त्याच्या पाचपटीहून मोठं आहे. 2023-24 च्या हंगामात 'कोस्टा सेरेना' हे 'एम्प्रेस'हून मोठं जहाज मुंबईहून कोची, लक्षद्वीपकडे जात होतं. त्याआधी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती. म्हणजे देशात फिरायला क्रूझ आहेत, पण मायामीची रील बघून मुंबईचं तिकीट काढलं की अपेक्षाभंग पक्का.

मग जहाजावर असतं काय? सोपं सांगायचं तर पाण्यावरचं मोठं हॉटेल. जेवणाचे हॉल, एक पूल, रात्री शो, गाणी, लिफ्टसमोर गर्दी. पूल फोटोत दिसतो त्याहून लहान वाटतो, कारण फोटोत माणसं नसतात. सर्वात स्वस्त केबिन आतल्या बाजूची असते. तिला खिडकीच नसते. दिवा घालवला की सकाळ आहे की रात्र, कळत नाही. झोपायला मस्त. पण 'बेडवरून समुद्र बघू' असं ठरवून गेलात तर समोर भिंत असेल.

आणि नेटवर्क? किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते. जहाजावरचं वायफाय वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. म्हणजे रील काढाल, पण टाकाल परत आल्यावरच. मला विचाराल तर ट्रिपमधला हा भाग सर्वात चांगला होता!

'फक्त' या शब्दाच्या पुढे

जाहिरातीत लिहिलेलं असतं 'माणशी फक्त' आणि पुढे आकडा. तो आकडा बहुतेक वेळा एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून असतो. एकट्याने जायचं तर जवळजवळ दोघांचे पैसे लागू शकतात. तिसरा-चौथा माणूस त्याच केबिनमध्ये असेल तर त्याचं भाडं साधारण कमी पडतं. चार मित्रांना हे फायद्याचं, पण मग चौघं, चार बॅगा आणि एक बाथरूम, हेही मनात धरा.

त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, कुठे कुठे सर्व्हिस चार्ज. आमचा शेवटचा आकडा जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट झाला. कुणी फसवलं नव्हतं. सगळं खाली बारीक अक्षरात होतं, आम्ही वाचलं नव्हतं इतकंच. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारा, "सगळं धरून माणशी किती?" आणि उत्तर लिहून घ्या. रद्द केलं तर किती परत मिळतील, हेही तेव्हाच विचारा. निघायची तारीख जवळ येते तशी ही रक्कम घटत जाते आणि शेवटी शून्य होते. आपल्या विद्यापीठाचं टाइमटेबल किती वेळा बदलतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

रोजचं जेवण तिकिटात असतं. कोल्ड्रिंक, स्पेशल कॉफी, काही रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली, डॉक्टर, हे साधारणपणे वेगळं. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड देतात, ते दाखवलं की वस्तू मिळते आणि बिल शेवटच्या दिवशी येतं. कार्ड दाखवताना पैसे जातायत असं वाटतच नाही. बाबा रोज रात्री काउंटरवर जाऊन "आमचं किती झालं?" विचारून यायचे. मला तेव्हा लाज वाटायची. शेवटच्या दिवशी शेजारच्या रांगेतले चेहरे बघितले आणि बाबांचं कौतुक वाटलं.

चार रात्रींचे आठ दिवस

मुंबईकराला चार रात्रींची क्रूझ म्हणजे चार रात्री. गोंदियाकराला ती आठ दिवसांची पडते. बघा कसं. विदर्भ एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवरून दुपारी सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटीला. तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ. मग कुणालाही वाटेल, त्याच दिवशी जहाज पकडू. नका पकडू. गाडी चार-पाच तास लेट होणं आपल्याला काही नवीन नाही. जहाज निघण्याच्या कितीतरी आधी गेट बंद होतो आणि एकदा बंद झाला की तुम्ही हजार किलोमीटरवरून आलात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. बस चुकली तर दुसरी मिळते. जहाज चुकलं की पैसे बुडाले.

म्हणून एक दिवस आधी पोचा. शनिवारी दुपारी गोंदिया, रविवार मुंबईत मुक्काम, सोमवारी जहाजावर, शुक्रवारी सकाळी परत मुंबई, संध्याकाळची गाडी, शनिवारी सकाळी घर. झाले आठ दिवस. त्यात इंटर्नल्स आहेत का, हजेरी किती उरलीय, ते आधी बघा. मुंबईतल्या एका रात्रीचं भाडं, दोन्हीकडचं रेल्वे तिकीट, टॅक्सी, प्रवासातलं खाणं, हे सगळं 'क्रूझच्या खर्चात'च धरा.

अजून एक. क्रूझचं बुकिंग कित्येक महिने आधी होतं, पण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं. कॅलेंडरमध्ये तो दिवस टाकून ठेवा. नाहीतर समुद्रात बर्थ कन्फर्म आणि गोंदिया-मुंबई वेटिंग लिस्ट!

ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच हवं. मोठी बॅग गेटवरच घेतात आणि ती केबिनमध्ये नंतर येते, म्हणून औषधं, कागद, चार्जर छोट्या बॅगेत जवळ ठेवा. घरचं खाणं न्यायचं असेल तर आधी विचारून घ्या, जहाजावर त्याला बंधनं असतात. मळमळीची भीती असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घ्या. सुरुवातीला लाइफ जॅकेटची ड्रिल होते, ती टाळू नका. आणि मधल्या बंदरावर उतरलात तर परतायची वेळ हातावर लिहून ठेवा. तिथेही जहाज कुणासाठी थांबत नाही.

आईचं लक्षद्वीप

आता तिकडे आमचं काय झालं, ते सांगते.

आमच्या सफरीत लक्षद्वीप होतं. आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं. शेजारच्या काकूंसाठी शिंपले आणायचंही ठरलं होतं. लक्षद्वीपला एवढी मोठी जहाजं किनाऱ्याला लागत नाहीत. जहाज लांब उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं नेतात. त्या सकाळी लाटा जास्त होत्या. अनाउन्समेंट झाली, आज उतरता येणार नाही. दिवसभर जहाज समुद्रातच राहिलं.

लोक चिडले. मीही चिडले. फोनमध्ये नियम काढून बघितले तर साफ लिहिलं होतं की हवामानामुळे मार्ग बदलू शकतो, बंदर वगळलं जाऊ शकतं. बाबा शांतपणे म्हणाले, "तो उतरवत नाही न, तोच बरा." मला नंतर पटलं. 17 जुलै 1947 ला भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. समुद्राने नाही म्हटलं की ऐकायचं असतं, हे किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक असतं. आपल्याला ते शिकावं लागतं. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा सोडून जा. आणि एखादं ठिकाण दिसेलच असं धरून जाऊ नका. दिसलं तर बोनस.

आई काही बोलली नाही. संध्याकाळी डेकवर रेलिंगजवळ उभी होती. मला म्हणाली, "चार दिस पाण्यावर राहिलो, पण पाण्याले हात नाही लागला वो." खरंच होतं. जहाजाच्या डेकवरून समुद्र कितीतरी मजले खाली असतो. तो फक्त बघायचा.

शुक्रवारी सकाळी मुंबईत उतरलो. गाडी संध्याकाळी होती. आम्ही टॅक्सी करून गिरगाव चौपाटीला गेलो. आईने साडी जरा वर धरली आणि पाण्यात उभी राहिली. लाट आली तशी "अगं बाई!" करून मागे सरकली, परत पुढे गेली. अर्धा तास हेच. अख्ख्या ट्रिपमधला तिचा सर्वात हसरा फोटो तोच आहे, आणि त्याला टॅक्सीच्या भाड्याशिवाय एक रुपया लागला नाही.

म्हणजे क्रूझ वाया गेली का? नाही. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय आवडलं?" आई म्हणाली, "चार दिवस मला कुणी 'चहा ठेव' म्हटलं नाही." दादाने ऐकलं आणि तो खाली बघायला लागला. मीही.

आधी आकडा, मग 'येस'

आता परत आपल्या ग्रुपवर या. माझी विनंती आहे, रील टाकणाऱ्याने रीलबरोबर गोंदिया ते गोंदिया पूर्ण आकडाही टाकावा. मग 'येस' म्हणायला सांगावं. असं केलं तर जो गप्प आहे त्याला "घरी लग्न आहे", "तब्येत बरी नाही" असली कारणं शोधावी लागणार नाहीत. तो सरळ म्हणू शकेल, "एवढं नाही जमणार, काहीतरी स्वस्त बघू." मैत्रीत हे वाक्य बोलता आलं पाहिजे.

आणि मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जावर क्रूझ करू नका. चार रात्रींसाठी बारा महिने हप्ता भरणं म्हणजे सुट्टी नाही, उधारी आहे. वर्षभर साठवा, जमलं तर जा, बिनधास्त जा.

तोवर समुद्र काही पळून जात नाही. गेटवेहून घारापुरीची लाँच साधारण तासाभरात पोचवते, फक्त सोमवारी लेणी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो जाते, डेकवर उभं राहून वारा खाता येतो. काही शे रुपयांत 'बोटीत बसलो' म्हणता येतं, आणि मांडव्याला पाय बुडवायला किनाराही आहे. कोकणातली माणसं तर 1980 च्या दशकापर्यंत मुंबईहून बोटीनेच गावी जायची, ट्रंका आणि वळकट्या घेऊन. त्यांना कुणी 'क्रूझ' म्हटलं नाही, पण समुद्र त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिला.

पुढच्या वेळी ग्रुपवर ती रील आली की मी गप्प बसणार नाहीये. मी आमचा खर्चाचा कागद टाकणार आहे. हवा असेल तर तुम्हीही मागा.